छपरातली खिडकी आणि चार नळ्या

मोटारीला चार चाके असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. परंतु जिच्या छपराला उघडमीट करणारी काच आहे अशा मोटारीला बहुधा चार नळ्याही असतात, ही गोष्ट ती मोटार वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांपैकी किती जणांच्या कानावर गेली असेल, देव जाणे! चाकातली हवा आपण बघतो, इंजिनातले तेल बघतो, दसऱ्याला झेंडूचा हारही घालतो. नळ्यांना मात्र कुणी विचारीत नाही. मग एखाद्या आषाढात त्या आपले अस्तित्व दाखवून देतात. ते कसे, आणि त्यावर घरच्या घरी इलाज काय, हेच आज वाचकांना सांगायचे आहे.

छपरात खिडकी ठेवण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३७ साली सरकत्या छपराची मोटार विकायला काढली. जर्मनीतली वेबास्टो कंपनी घडीच्या कापडी छपरांसाठी त्याच सुमारास नावारूपाला आली. विल्हेल्म बायर हा तिचा संस्थापक आणि श्टॉकडॉर्फ हे तिचे गाव. दोघांच्या नावांतली अक्षरे जुळवून कंपनीचे नाव बनले. युरोपातल्या माणसाला ऊन म्हणजे पाहुणा. तो आला की छप्पर उघडून त्याचे स्वागत करायचे, हा त्यातला हेतू.

आमच्या चांद्यात (जुनी माणसे चंद्रपूरला अजून चांदाच म्हणतात) ऊन हा पाहुणा नसून घरमालक आहे. मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या वर जातो. तेव्हा छप्पर उघडायची कुणाची छाती? पावसाळ्यात तर ते उघडण्याचा प्रश्नच नाही. उरले थंडीचे तीन महिने. तरीही गेल्या दहा-बारा वर्षांत ही हौस आपल्याकडे अशी काही वाढली आहे की मुलगी पाहायला आलेल्या मंडळींच्या गाडीला सनरूफ आहे की नाही, हेदेखील शेजारी खिडकीतून बघून घेतात. पोरे त्यातून डोकी काढून उभी राहतात, हा प्रकार मात्र धोक्याचा. एक करकचून ब्रेक लागला की पुरे.

चहाच्या रंगाचा डाग

आमची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. ती घेतली हौसेसाठी नव्हे, आईसाठी. आईचे वय ७६, दम्याचा विकार जुना, आणि महिन्यातून एकदा तिला तपासणीसाठी नागपूरला न्यावे लागते. भद्रावती, वरोरा, जाम करीत जाणारा हा सुमारे दीडशे किलोमीटरांचा रस्ता. बसने ते तिला झेपत नाही.

गेल्या जुलैत छताच्या कापडावर पुढच्या डाव्या कोपऱ्याशी चहाच्या रंगाचा एक डाग उमटला. पंधरा दिवसांत कापड सुटून मच्छरदाणीसारखे लोंबू लागले. पुढे गाडीचे दार उघडताच कुबट वास येऊ लागला. वरोरा येईपर्यंत आईला खोकल्याची उबळ यायची. काचा उघडाव्यात तर बाहेर पाऊस. ओल्या कापडात आणि सतरंजीत धरलेली बुरशी दमेकऱ्याला बाधते, हे डॉक्टरांनी आम्हांला वेगळे सांगायला नकोच होते.

नागपूरच्या एका कारखान्यात गाडी दाखवली. त्यांनी काचेची सगळी चौकटच बदलायला सांगितली आणि जो आकडा घातला, तो ऐकून आई म्हणाली, “त्यापरीस मी बसनंच जातो बापा!” विकायला काढावी तर डाग पाहूनच गिऱ्हाईक निम्मी किंमत सांगे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वयस्कर कुशनवाले राहतात. सारा मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो. त्यांचा हात ॲम्बॅसेडरवर बसलेला. त्या गाडीत छताचे कापड तारेच्या कमानींवर तंबूसारखे ताणलेले असे. ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण चाचांची नजर तीच राहिली. त्यांनी डाग बोटाने दाबला, बोट हुंगले आणि म्हणाले, “गुरुजी, कापडाचं मागाहून पाहू. आधी पाणी कुठून येते ते पाहा. नाहीतर मी आज चिकटवीन, अन् ते पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तुमच्या डोक्यावर पडंल.”

पाणी आत येणारच

काचेभोवतीचे रबर पाणी पुरते अडवते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. रबर बरेचसे पाणी अडवते; थोडे आत झिरपणार, हे गाडी बनवणाऱ्याने धरूनच ठेवलेले असते. म्हणून काचेखाली चारी बाजूंनी एक पन्हळ असते. पन्हळीच्या कोपऱ्यांत भोके, आणि त्या भोकांना करंगळीहून बारीक नळ्या. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरतात आणि दाराच्या बिजागरीपाशी किंवा चाकावरच्या पोकळीत बाहेर पडतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून बंपरच्या आसपास निघतात. गाडीगणिक जागा थोडी बदलते, एवढेच. ज्या छपराची काच पक्की बसवलेली असते, उघडतच नाही, तिथे ही भानगड सहसा नसते.

म्हणजे आपल्या कवेलूच्या घराचाच न्याय! दोन उतार मिळतात तिथे पत्र्याची पन्हळ असते, आणि ती पाल्याने तुंबली की पाणी भिंतीत उतरते. तेव्हा भिंतीला कितीही चुना फासा, उपयोग शून्य. काचेच्या फटीत सिलिकोन भरणारे हीच चुना फासण्याची गोष्ट करतात. नळी तुंबलेली राहते, पन्हळ भरते आणि पाणी काठावरून छताच्या कापडात उतरते. तिथून खांबातल्या तारांवर, सतरंजीखाली, कधी फ्यूजच्या पेटीतही. मग दिवे आपोआप लागतात, हॉर्न मध्यरात्री वाजतो, आणि गाडीला भूत लागल्याची वदंता उठते.

आमच्या मुलखात तुंबायला सामग्रीही भरपूर आहे. वर्षाला हजार मिलिमीटरांहून कितीतरी अधिक पाऊस. फाल्गुनात पळसाच्या पाकळ्या, चैत्रात मोहाची फुले आणि कडुनिंबाचा मोहर, वर्षभर चिंचेची बारीक पाने. ऐन पावसाळ्यात सागाला पांढुरका फुलोरा येतो आणि त्याची फुले ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक. गाडी झाडाखाली उभी केली की सकाळी छपरावर त्यांचा सडा. आलापल्ली आणि बल्लारपूरच्या ज्या सागाचे लाकूड २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी वाजतगाजत रवाना झाले, त्याच सागाचे फूल आमच्या नळीत जाऊन बसते! त्यात चांद्याची कोळशाची धूळ मिसळली की उत्तम लुकण तयार होते. राहिलेले काम कुंभारीण माशी करते; नळीचे खालचे तोंड तिला मातीचे घर बांधायला फार आवडते.

इलाज

गडचिरोलीहून भाचा सुट्टीला आला होता. त्याला मदतीला घेतले आणि पाऊस उघडल्यावर आश्विनातला एक रविवार या कामाला दिला.

प्रथम परीक्षा. काच पूर्ण उघडून पन्हळीच्या प्रत्येक कोपऱ्यात वाटीभर पाणी हळूहळू ओतायचे आणि दुसऱ्याने गाडीखाली वाकून बघायचे. उजवीकडे पाणी धारेने पडले. मागे थेंबथेंब. पुढच्या डाव्या कोपऱ्यात पाणी तसेच साचून राहिले. रोगाची जागा सापडली.

नळी साफ करायला लोखंडी तार घालू नये. ती नळी फाडते. गवत कापण्याच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी टोकाला थोडी गोल करून फिरवीत घालावी. पंक्चरवाल्याकडची जोराची हवाही नको. तिच्या दाबाने नळी कोपऱ्यातल्या तोटीवरून निसटते, आणि मग पाणी आतच पडू लागते. आमच्या नळीतून बोटभर काळी वात निघाली: साग, चिंच आणि कोळसा. तरी पाणी पुरते वाहीना. तेव्हा छत उतरवणे आले.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो. आजकालच्या पुष्कळ गाड्यांत छताच्या कडेला आणि खांबांत एअरबॅगा दडलेल्या असतात. म्हणून आधी बॅटरीची ऋण तार काढावी, गाडीच्या पुस्तकात सांगितला असेल तितका वेळ थांबावे आणि एअरबॅगेच्या जोडाला हात लावू नये. ज्याला त्याची खात्री नाही त्याने नळ्या साफ कराव्यात आणि छताचे काम कारागिराकडे द्यावे. त्यात कमीपणा नाही.

मग उन्हाच्या झडपा, धरायच्या मुठी, दिवा आणि खांबांवरची आवरणे क्रमाने काढली. प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पुडीत, पुडीवर नाव. पुठ्ठ्यासारखे घडवलेले छत मागच्या दाराने न वाकवता बाहेर काढले. त्याला घडी पडली तर ती जन्माची. नळी तोटीपाशी कडक होऊन चिरली होती. तेवढा तुकडा कापला, त्याच मापाची नवी नळी जोडली, कडी आवळली. पुन्हा पाणी ओतले. भाचा गाडीखालून ओरडला, “मामा, धबधबा!”

आता कापड. ते छताला थेट चिकटलेले नसते. त्याच्या पाठीला पातळ फोम असतो. उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान सहज ६० अंशांवर जाते. तसली उष्णता आणि वर दमटपणा यांनी फोमचा पिवळा भुगा होतो आणि कापड निराधार होते. म्हणून जुन्याच कापडाला पुन्हा गोंद लावणे व्यर्थ. नाकाला फडके बांधून मऊ ब्रशाने सगळा भुगा झाडला. फोमचे नवे कापड चारी बाजूंनी चार बोटे जास्त घेतले. गोंद उष्णता सोसणाराच हवा. साधा गोंद आमच्या उन्हाळ्यात मान टाकतो. छताला आणि फोमला, दोन्हींना पातळ थर दिला, तो बोटाला चिकटेनासा झाल्यावर मध्यापासून कडांकडे तळहाताने कापड बसवले. चाचा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. “दाबू नका गुरुजी, पाठ थोपटल्यावानी हात फिरवा,” एवढेच ते अधूनमधून म्हणत. या गोंदाची वाफ पेट घेते, म्हणून जागा मोकळी हवी आणि जवळ पणती, उदबत्ती, फुलबाजी काही नको. दिवाळीत हे विशेष ध्यानात ठेवावे.

रात्रभर छत वाळू दिले आणि दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने बसवले. सतरंजी काढून चार दिवस उन्हात टाकली. तिच्याखालचा स्पंज पिळला तर तांब्याभर पाणी निघाले. कापड, गोंद, नळी मिळून खर्च अडीच हजारांच्या आत. चाचांनी पैसे घेतले नाहीत. आईने केलेले चिवड्याचे पुडके मात्र घेतले.

त्यानंतरच्या नागपूरच्या खेपेला आई जामपर्यंत झोपली होती. तिथे चहाला थांबलो तेव्हा तिने वर पाहिले आणि विचारले, “रंग असा फिक्का काहून घेतला?” खोकल्याचे नावही निघाले नाही.

ज्यांच्या गाडीला अशी खिडकी आहे त्यांनी वर्षातून दोन दिवस राखून ठेवावेत. मृगापूर्वी आपण कवेलू फेरतो, तेव्हा चारही कोपऱ्यांत वाटी-वाटी पाणी ओतून बघावे आणि पन्हळ ओल्या फडक्याने पुसावी. पाऊस सरल्यावर पुन्हा एकदा तेच करावे. छताचे कापड बदलायचे असेल तर मात्र दिवाळीच्या आगेमागेच बदलावे. हवा कोरडी असते, ऊन सोसवेल इतके असते, गोंद नीट धरतो, आणि सुट्टीला आलेला एखादा भाचा गाडीखाली शिरायला तयार असतो.