सोप्यातल्या टीव्हीमागचा मिनी पीसी

बेळगाव-निपाणी भागातल्या कित्येक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात सीड्यांची एक पिशवी असते. थोरलीचं लग्न, जत्रेतलं नाटक, सप्ताहातलं कीर्तन. सीडी प्लेअर केव्हाच मोडीत गेला, आणि सोप्यातल्या नव्या स्मार्ट टीव्हीला सीडी घालायला जागाच नाही. मिनी पीसी घेण्याचं माझ्या मते सर्वांत सबळ कारण ही पिशवी आहे. नुसतं ओटीटी बघायचं असेल तर टीव्हीतलीच ॲप पुरतात. उलट पीसीवर काही सेवा कमी दर्जाचं चित्र देतात.

कोणता घ्यावा

इंटेलचा एन१०० प्रोसेसर असलेला पीसी या कामाला भरपूर होतो. २०२३च्या सुरुवातीला आलेल्या या चिपमध्ये चार कोअर आहेत आणि तिची ठरलेली वीजमर्यादा ६ वॅट आहे. एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ हे आजचे व्हिडिओ प्रकार ती हार्डवेअरमध्येच उलगडते, त्यामुळे फोर-के चित्रही अडखळत नाही. रॅम ८ जीबी पुरे. पूर्ण पीसीला १५ वॅट धरले आणि तो रोज चार तास चालवला, तर महिन्याला दोन युनिटही होत नाहीत. वीज अचानक गेली तर फायली बिघडू शकतात, म्हणून तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा.

जुन्या सीड्या

मिनी पीसीत ड्राइव्ह नसतो. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतो. व्हिडिओ सीडीत साधारण ७४ मिनिटं मावतात, म्हणून एकेका लग्नाच्या दोन-तीन सीड्या असतात. सीडी उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरात ‘डॅट’ फाइल दिसते. विंडोजवर ती तशीच कॉपी करावी; व्हीएलसी प्लेअरमध्ये ती चालते. दुसऱ्या प्रकारात बदलण्याच्या भानगडीत पडू नये, कारण दर बदलात चित्र थोडं खराब होतं आणि मुळातच ते ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं. मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसणारच. डीव्हीडीच्या चित्रात हलत्या माणसांभोवती कंगव्यासारख्या रेघा दिसल्या, तर ‘डीइंटरलेस’ चालू करावं.

सीडीवर धूळ किंवा डाग असतील तर मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल नाही. आणि कॉपी दोन ठिकाणी ठेवावी. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. सीड्या खराब होतातच.

कोडी

सगळं एका जागी दिसण्यासाठी ‘कोडी’ हे मोफत सॉफ्टवेअर टाकावं. २००२ साली एक्सबॉक्सवरचा प्लेअर म्हणून त्याची सुरुवात झाली. कोडी हे नाव २०१४चं. फाइलच्या नावात चित्रपटाचं नाव आणि कंसात वर्ष लिहिलं की पोस्टर, कलाकार हे सगळं ते शोधून आणतं. वर्ष विसरू नये: ‘श्यामची आई’ १९५३चाही आहे आणि २०२३चाही. मराठी सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी, नाहीतर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं येतात.

आवाज आणि रिमोट

ॲम्प्लिफायर डॉल्बी किंवा डीटीएस उलगडत असेल तरच कोडीतलं ‘पासथ्रू’ (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) चालू करावं. एरवी साधा स्टिरिओ बरा. टीव्हीचा रिमोट बहुतेक मिनी पीसींवर चालत नाही. माउसची सोय असलेला छोटा वायरलेस कीबोर्ड घ्यावा, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही जमतं.

निपाणीचा माहितीपट

मिनी पीसीवर पूर्ण ब्राउझर मिळतो, आणि त्यामुळे टीव्हीच्या ॲपांत न सापडणाऱ्या गोष्टीही शोधता येतात. निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायकांनी संघटना उभी केली, त्यावर ‘युगांतर’ या गटानं १९८२ साली एक माहितीपट केला. दिग्दर्शन दीपा धनराज यांचं. त्याची डिजिटल प्रत झालेली आहे. ज्या घरातली आजी वखारीत जात होती, त्या घरात तो मोबाइलवर न बघता सोप्यात, आजीच्या शेजारी बसून बघावा, आणि मध्येच थांबवून तिला विचारावं.