अबोल मूल, हातातला मोबाइल आणि घरातला कोपरा

वस्तीच्या प्रत्येक गल्लीत असे एखादे तरी मूल असते. पाहुणे आले की ते आतल्या खोलीत जाते. आतली खोली नसेल तर दाराबाहेर पायरीवर जाऊन बसते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत नाचत नाही, कडेकडेने चालते. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही. मग घरचे आणि शेजारचे त्याला नावे ठेवतात : घुम्या, मुखदुर्बळ, एकलकोंडा. 'याचं पुढं कसं व्हायचं?' ही आईची काळजी. 'चारचौघांत बोलायला शिक जरा,' हा वडिलांचा धाक. आता या काळजीत मोबाइलची भर पडली आहे. असे मूल तासन्‌तास मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसते. स्वभाव मुळात असा म्हणून ते मोबाइलकडे वळले, की मोबाइलमुळे असे झाले, हे घरच्यांना उमगत नाही. या वेळच्या आरोग्य पानावर त्याचाच विचार करू.

अंतर्मुखता हा आजार नाही

माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन कल असतात, ही मांडणी स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली आपल्या ग्रंथातून प्रसिद्ध केली. बहिर्मुख माणसाला चार माणसांत गेले की हुशारी येते. अंतर्मुख माणूस चार माणसांत गेला की थकतो आणि एकटा बसला की ताजातवाना होतो. तो माणूसघाणा नसतो. त्याला माणसे हवी असतात, पण थोडी आणि जवळची. तो बोलतो, पण आधी विचार करून. बहुतेक माणसे या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतात. हा कल बराचसा जन्मजात असतो आणि थोडा वाढत्या वयात घडतो. एकाच आईची दोन मुले, एक बडबडे आणि एक अबोल, हे आपण घरोघरी पाहतोच.

त्यामुळे 'याला दुरुस्त करा' असे म्हणण्यासारखे त्यात काही नाही. पण आजचा काळ बोलणाऱ्यांचा आहे. बोलणाऱ्याची मातीही विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही, असे आपल्याकडे म्हणतातच. आता नोकरीच्या मुलाखतीत गटचर्चा असते, कॉलेजात सादरीकरण असते, व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग जागोजागी निघाले आहेत. हातात मोबाइल असलेल्या प्रत्येकाने रोज काहीतरी दाखवलेच पाहिजे अशी रीत पडली आहे : स्टेटस, रील, सेल्फी. जो दाखवत नाही तो मागासलेला. अशा वेळी शांत मुलाला वाटू लागते की आपल्यातच काहीतरी कमी आहे. स्वभावाने त्याला कधी त्रास दिलेला नसतो, त्रास देते ती ही समजूत.

मूकपण वेगळे, मौन वेगळे

आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती मानसशास्त्राच्या परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. गप्प बसणारा प्रत्येक माणूस स्वभावाने गप्प असतो असे नाही. कित्येकांना गप्प बसवलेले असते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. हा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या शाळकरी दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. वर्गातल्या क्रमांकाप्रमाणे इतर मुलांत बसण्याची त्यांना मुभा नव्हती. कोपऱ्यात, स्वतःच्या वेगळ्या गोणपाटाच्या तुकड्यावर एकट्याने बसावे लागे. नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. बाहेरून पाहणाऱ्याला तेव्हा एवढेच दिसले असते, की एक मुलगा कोपऱ्यात एकटा बसला आहे. पण तो एकांत त्याने निवडलेला नव्हता.

पुढे हाच विद्यार्थी लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसदिवस एकट्याने वाचत बसला. दादरला राजगृह बांधले तेही ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. हा एकांत त्यांचा स्वतःचा होता, आणि त्यातून जे तयार झाले ते त्यांनी महाडला हजारोंच्या समोर उभे राहून मांडले. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाला त्यांनी 'मूकनायक' हे नाव दिले. ज्यांचा आवाज दाबला गेला होता त्यांना वाचा देण्यासाठी ते पत्र होते.

म्हणून घरातल्या अबोल मुलाकडे पाहताना पहिला प्रश्न हा विचारावा : हे मौन आहे की मूकपण? मूल घरात, मित्रांत, आवडत्या विषयावर मोकळे बोलते आणि फक्त गर्दीत गप्प होते, तर तो स्वभाव. पण पूर्वी बोलणारे मूल अचानक गप्प झाले, शाळेत आडनाव सांगायला टाळू लागले, वस्तीचा पत्ता लपवू लागले, मोबाइलवर जातीवरून शिवीगाळ झाल्यावर सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडले, तर तो अंतर्मुख स्वभाव नव्हे. ती जखम आहे. तिथे मुलाला बोलते करण्याआधी त्याच्या पाठीशी उभे राहावे लागते. शाळेत जाऊन विचारावे लागते, गरज पडली तर तक्रारही करावी लागते.

मोबाइल काय देतो, काय नेतो

मोबाइलला सरसकट शिव्या देऊन चालणार नाही. सहा माणसे एका खोलीत राहतात तिथे शांत स्वभावाच्या मुलाने जायचे कुठे? कानात इअरफोन घातले की त्याला भिंत मिळते. तोंडाने जे बोलता येत नाही ते टाइप करून सांगता येते, कारण टाइप करताना विचार करायला वेळ मिळतो. गावात न मिळणारे पुस्तक, स्पर्धा परीक्षेचा तास, बाबासाहेबांचे भाषणांचे खंड, सारे एका बोटावर आहे. अबोल मुलाला हे वरदान वाटावे यात नवल नाही.

पण मोबाइलचा कोपरा खरा एकांत नसतो. तिथे गर्दीच असते, फक्त आवाज बंद असतो. दुसऱ्यांचे फिरणे, कपडे, गाड्या, हसरे चेहरे एकामागून एक सरकत जातात आणि मूल स्वतःला त्यांच्याशी ताडून पाहते. संदेश वाचल्याची निळी खूण दिसली की लगेच उत्तराची अपेक्षा, म्हणजे विचार करायला मिळणारा तो वेळही गेला. रात्री उशिरापर्यंत जागरण, सकाळी डोके जड, वर्गात लक्ष नाही. एकांतातून जो ताजेपणा मिळायला हवा तो मिळत नाही. उलट थकवा वाढतो. आणि समोरासमोर बोलण्याचा जो थोडाफार सराव व्हायचा, तोही सुटतो.

आणखी एक नवी गोष्ट. चार प्रश्नांची उत्तरे दिली की मोबाइल सांगतो, 'तुम्ही इंट्रोव्हर्ट आहात.' मुले ते नाव कपाळावर लावून फिरतात. स्वतःची ओळख पटली म्हणून दिलासा मिळत असेल तर चांगलेच. पण मुलाखतीला न जाण्याचे, शाळेत प्रश्न न विचारण्याचे, घरी आलेल्या आत्याशी दोन शब्द न बोलण्याचे ते कारण होऊ नये. असली चाचणी म्हणजे डॉक्टरांचे निदान नव्हे. शिवाय अंतर्मुख माणूस सरावाने उत्तम बोलू शकतो. त्याला आधी तयारी आणि नंतर विश्रांती लागते, एवढेच.

सांगली जिल्ह्यातला भोंगा

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली यावर एक साधा उपाय केला. स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर गावाने सभेत ठरवले आणि मंदिरावर भोंगा बसवला. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजला की गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलांचा अभ्यास आणि घरच्यांचे एकमेकांशी बोलणे. यातली मेख अशी, की बंदी एकट्या मुलावर नव्हती. आईची मालिका, वडिलांचा मोबाइल, सारेच बंद. आपण मात्र स्वतः मोबाइल हातात धरून मुलाला म्हणतो, 'ठेव तो.'

साताऱ्याकडे महाबळेश्वरजवळचे भिलार २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे. तिथे घराघरांत पुस्तके ठेवली आहेत आणि कुणीही बसून वाचावे. शांत मुलाला शांत जागा मिळाली तर मोबाइलचा कोपरा लागतोच असे नाही, हे या दोन्ही गावांवरून ध्यानात येते. आपल्या वस्तीत ती जागा आहेच : बुद्ध विहार. संध्याकाळी दोन तास विहार अभ्यासिकेसाठी उघडे ठेवायला एक किल्ली आणि एक जबाबदार माणूस पुरतो.

मेघियाला मिळालेले उत्तर

एकांताबद्दल बुद्धांची शिकवण दोन्ही बाजू सांभाळणारी आहे. मेघिय नावाच्या भिक्खूला नदीकाठची एक आमराई फार आवडली. तिथे एकट्याने साधना करावी म्हणून त्याने भगवंतांकडे परवानगी मागितली. 'थोडा थांब,' असे सांगूनही तो गेला. पण एकांतात त्याच्या मनात वासना, द्वेष आणि हिंसेचे विचार उसळले. परत आल्यावर भगवंतांनी त्याला एकांत वाईट असे सांगितले नाही. मन पक्व व्हायला पहिली गोष्ट लागते ती कल्याणमित्र, असे सांगितले. मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसलेले आपले मूल मेघियाच्याच आमराईत आहे. त्याला आमराईतून ओढून काढू नका. त्याला एक कल्याणमित्र द्या. मोठा भाऊ, मामा, विहारातली ताई, कुणीही, पण एक तरी.

अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे भिक्खू तर एकत्र राहून बहुतेक वेळ मौनात असत आणि दर पाचव्या रात्री एकत्र बसून धम्मावर बोलत. दूध-पाण्यासारखे त्यांचे सख्य होते. घरात सतत बोललेच पाहिजे असे नाही. ठरलेल्या वेळी मनापासून बोलले तरी घर जोडलेले राहते.

घरच्यांनी एवढे करावे

• 'घुम्या', 'मुका' ही नावे आजपासून बंद. पाहुण्यांसमोर 'बोल की, बोल की' असा आग्रह नको.
• प्रश्न विचारल्यावर थांबा. अबोल मुलाला उत्तराला वेळ लागतो. त्याच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका.
• मुलाशी समोर बसवून नव्हे, तर भाजी निवडताना, पाणी भरताना, बाजारातून चालत येताना बोला. हात कामात असले की जीभ सैल होते.
• रोज एक तास सगळ्या घराचे मोबाइल एका डब्यात. झोपताना मोबाइल उशाशी नको.
• खोली एकच असली तरी मुलाचा एक कोपरा आणि एक फळी ठरवा.

डॉक्टरकडे कधी जावे

दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास आहे, आवडती गोष्टही नको म्हणते, झोप किंवा भूक बिघडली आहे, शाळा किंवा काम सुटले आहे. चारचौघांत जायच्या नुसत्या विचाराने घाम, थरथर, छातीत धडधड होते आणि त्यामुळे परीक्षा, मुलाखत टाळली जाते. किंवा 'जगून काय करू' असे शब्द येतात, तर हा स्वभाव नाही. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. शेवटचे लक्षण दिसले तर एक दिवसही थांबू नका आणि मुलाला एकटे ठेवू नका. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. समोर जाऊन बोलणे ज्याला जड जाते, त्याला फोनवर सुरुवात करता येते. अंगारे-धुपारे, बाहेरची बाधा यांत वेळ घालवू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. भाषण करायला घाबरणारे मूल पुस्तकातले एक पान नीट वाचू शकते. या वर्षी एखाद्या संध्याकाळी ग्रंथ त्याच्या हाती द्या. कोणते पान ते आठ दिवस आधी सांगा. वाचून झाल्यावर टाळ्यांचा गजर नको. 'छान वाचलंस' एवढे पुरे.

जयभीम.