तंबाखू-संशोधनाच्या खुर्च्यांवर कोण बसावे?

अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, तत्कालीन खासदार कै. दिलीप गांधी यांच्या एका विधानाने मार्च २०१५ मध्ये देशभर खळबळ उडाली होती. तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध सिद्ध करणारी भारतीय पाहणी उपलब्ध नाही, झालेले सारे अभ्यास परदेशांतील आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे मुखाच्या कर्करोगाने निधन होऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. गांधी हे संसदेच्या दुय्यम विधिनियमविषयक समितीचे अध्यक्ष होते. तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या सचित्र इशाऱ्याने व्यापावा, हा १ एप्रिल २०१५ पासून अमलात यावयाचा नियम समितीच्या शिफारशीनंतर स्थगित झाला व वर्षभराने, १ एप्रिल २०१६ रोजी, अमलात आला.

विधानावर टीकेची झोड उठली. परंतु त्याहून महत्त्वाची बाब समितीच्या रचनेची होती. अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता हे या समितीचे सदस्य होते आणि विडीच्या व्यवसायाचे मालकही होते. त्यांनी ही गोष्ट लपविली नव्हती. लपविण्यासारखे त्यात काही आहे असे आपल्या सार्वजनिक जीवनात फारसे कोणाला वाटतच नाही, हा खरा चिंतेचा विषय आहे. जी गोष्ट संसदीय समितीची, तीच संशोधन संस्थेची. निष्कर्ष तपासण्यापूर्वी संस्थेच्या नियामक मंडळावर कोण आहेत, ते कोठून आले आणि संस्थेचा पैसा कोठला, हे विचारणे म्हणजे कुचाळकी नव्हे.

पुरावा घरचाच होता

भारतीय पुरावा नाही, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नव्हते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ सालीच प्रसिद्ध केला होता. १९५५ मध्ये संघवी, राव व खानोलकर यांनी विडी ओढणे व तंबाखू चघळणे यांचा घसा-मुखाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतवैद्य डॉ. फली मेहता यांनी एक दंतसंशोधन विभाग उभा केला. अणुविज्ञानासाठी ख्यातकीर्त झालेल्या वास्तूतून दंतवैद्य खेडोपाडी गेले. नगरला लागून असलेल्या पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची त्यांनी केलेली मुखतपासणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू सोडण्याचे पद्धतशीर शिक्षण दिल्यास मुखातील कर्करोगपूर्व विकार कमी होतात, हेही याच विभागाने केरळ, आंध्र व गुजरातमधील सुमारे ३६,००० तंबाखूसेवकांच्या अभ्यासातून १९८६ मध्ये दाखवून दिले.

याच विभागातील संख्याशास्त्रज्ञ डॉ. प्रकाश गुप्ता यांनी पुढे नवी मुंबईतील ‘हीलिस सेखसरिया सार्वजनिक आरोग्य संस्थे’चे नेतृत्व केले. तिला आधार मिळाला तो सिमेंट उद्योगात नाव कमावलेल्या नरोत्तम सेखसरिया यांच्या प्रतिष्ठानाचा. म्हणजे या परंपरेत विकृतिशास्त्रज्ञ आहे, दंतवैद्य आहे, संख्याशास्त्रज्ञ आहे आणि उद्योगपतीचा पैसाही आहे. मात्र हा पैसा तंबाखूचा नाही. संशोधनाच्या विश्वासार्हतेचे मर्म या भेदात आहे.

विद्वत्तेचे कवच

कोणी म्हणेल, विद्वान माणूस नेमला की पुरे; पैसा कोणाचा का असेना. अमेरिकेचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १९५४ साली तेथील सिगारेट कंपन्यांनी स्वतःच संशोधन समिती स्थापिली आणि तिच्या वैज्ञानिक सूत्रधारपदी क्लॅरेन्स कुक लिटल यांना बसविले. लिटल हे नामांकित आनुवंशशास्त्रज्ञ, मिशिगन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष आणि कर्करोगविरोधी राष्ट्रीय संस्थेचे माजी व्यवस्थापकीय संचालक होते. यापेक्षा निर्दोष परिचयपत्र कोणते असणार? तरीही ‘अद्याप काही सिद्ध झालेले नाही’ हे पालुपद या समितीने व तिच्या उत्तराधिकारी परिषदेने वर्षानुवर्षे आळवले. अखेर १९९८ च्या न्यायालयीन तडजोडींनंतर ती परिषद गुंडाळली गेली.

२०१७ साली याचीच नवी आवृत्ती निघाली. फिलिप मॉरिस इंटरनॅशनल या सिगारेट कंपनीने दरवर्षी सुमारे आठ कोटी डॉलर देण्याचे वचन देऊन ‘धूम्रमुक्त जगा’साठी एक प्रतिष्ठान उभे केले. त्याच्या प्रमुखपदी जागतिक आरोग्य संघटनेत तंबाखू-नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराची पायाभरणी करणारे डेरेक याक आले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच महिन्यात जाहीर केले, की या प्रतिष्ठानाशी आपण भागीदारी करणार नाही. व्यक्तीची कीर्ती संस्थेला उसनी देता येते. देणगीदाराचा हितसंबंध मात्र त्यामुळे धुऊन निघत नाही.

भारताने हा आंतरराष्ट्रीय करार फेब्रुवारी २००४ मध्ये मान्य केला. त्याचे कलम ५.३ आरोग्यधोरणाला तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून संरक्षण द्यावे असे बजावते. पण येथे सरकारचेच हात पूर्णतः कोरडे नाहीत. सार्वजनिक मालकीच्या आयुर्विमा महामंडळाने सिगारेट बनविणाऱ्या आयटीसीमध्ये मोठी भागभांडवली गुंतवणूक केली, म्हणून २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. तेव्हा ‘सरकारी’ म्हणजे आपोआप निःस्पृह, हे समीकरणही तपासूनच घ्यावे लागते.

रिकामी खुर्ची

येथवरचा युक्तिवाद कोणाला बाहेर ठेवावे याचा झाला. आत कोणाला घ्यावे, हा प्रश्न तितकाच निकडीचा आहे. दिलीप गांधींच्या म्हणण्याचा दुसरा भाग उपजीविकेचा होता. विडीवर कोट्यवधी लोक पोट भरतात, त्यांचे काय, असे त्यांनी विचारले होते. हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. सरकारी नोंदीप्रमाणे देशात सुमारे ५० लाख विडी कामगार, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया. नगर शहरातील पद्मशाली कुटुंबांतील स्त्रियांच्या कित्येक पिढ्यांनी मांडीवर सूप घेऊन हजारी मजुरीने विड्या वळल्या. शेतकऱ्याचीही कथा वेगळी नाही. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून निपाणीच्या शेतकऱ्यांनी १९८१ साली महामार्गावर ठाण मांडले, तेव्हा त्यांना गोळीबाराला तोंड द्यावे लागले.

विडी वळणारीचे दारिद्र्य ही मालकाच्या हाती असलेली सर्वांत प्रभावी ढाल आहे. करवाढ आली की तिचे नाव पुढे होते. मजुरीवाढ मागितली की तेच नाव मागे पडते. नियंत्रणाच्या बाजूने बोलणारे बहुधा डॉक्टर असतात. ते गाठीचा आकार अचूक सांगतात. हजार विड्यांमागे किती मजुरी पडते, पाने खराब निघाली की नुकसान कोणाच्या माथी बसते आणि हे काम सुटले तर बाईने कोणते काम धरावे, याची उत्तरे त्यांच्यापाशी नसतात. अशा संस्थांच्या मंडळांवर म्हणूनच श्रमाचा अर्थशास्त्रज्ञ हवा आणि स्वतः विडी वळलेली एखादी स्त्रीही हवी. तंबाखू व्यापाराच्या वाढीसाठी १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या तंबाखू मंडळावर उत्पादक, व्यापारी व निर्यातदार यांना कायद्यानेच जागा मिळाल्या. वाढीच्या मंडळात लाभार्थ्यांना मान, तर नियंत्रणाच्या संस्थेत पीडितांना स्थान का नसावे?

यावर आक्षेप येईल, की विडी कामगाराचा हितसंबंधही तंबाखूतच गुंतलेला आहे. तो दिसतो तितका खरा नाही. मालकाचा हितसंबंध विडीच्या खपात आहे. कामगार स्त्रीचा रोजगारात. पर्यायी रोजगार मिळाला तर तिचा विडीशी संबंध संपतो, मालकाचा मात्र संपत नाही. शिवाय तंबाखूची धूळ छातीत घेणारी तीच असते.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्यावर तंबाखू मळणाऱ्या कामगाराला नियामक मंडळ म्हणजे काय हे ठाऊक नसेल. पण २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते, आणि त्यातील बहुतेक जण ती ओढत नव्हते, तोंडात ठेवीत होते. त्यांच्या आयुष्याचे निर्णय ज्या संशोधनावर बेतले जातात, त्या संशोधनाच्या विश्वस्तांनी तीन पथ्ये पाळावीत. प्रत्येकाने आपले व निकटच्या कुटुंबीयांचे तंबाखूविषयक आर्थिक संबंध दरवर्षी प्रसिद्ध करावेत. संस्थेने प्रत्येक मोठ्या देणगीचा उगम सांगावा. आणि वैद्य, संख्याशास्त्रज्ञ व दाता यांच्या शेजारी कष्टकऱ्यांसाठी एक खुर्ची राखावी. पुरावा घरातच असताना तो नाही असे म्हटले गेले, याचे एक कारण हे, की तो पुरावा ज्यांच्याविषयी होता ते लोक ना त्या संसदीय समितीत बसलेले होते, ना संशोधकांच्या मंडळात.