चिठ्ठीवरची शेती

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आरगाइल परगण्यातल्या इनव्हरेरी गावापासून साधारण सहा मैलांवर ऑखिनड्रायन नावाची डोंगरउतारावरची वाडी आहे. दगडी भिंतींची बुटकी घरं, गोठे, कोठारं. आता तिथे कुणी राहत नाही, वाडीचं संग्रहालय झालंय. एकेकाळी हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, अशा असंख्य वाड्या होत्या. इतकी शाबूत राहिलेली वाडी आज दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.

जमीन ड्यूक ऑफ आरगाइलची आणि कसणारी सगळी त्याची कुळं. खंड सगळ्या घरांनी मिळून भरायचा आणि शेतीही मिळूनच करायची. लागवडीखालच्या जमिनीचे लांब पट्टे पाडलेले असत. ओढ्याकाठची काळी माती एकाकडे आणि वरची खडकाळ जमीन दुसऱ्याकडे, असा अन्याय कायमचा राहू नये म्हणून दर काही वर्षांनी चिठ्ठ्या टाकून पट्ट्यांचं नव्याने वाटप व्हायचं. प्रत्येक घराच्या वाट्याला थोडं चांगलं, थोडं वाईट यायचं, तेही चार ठिकाणी विखुरलेलं. पट्ट्याचा मधला भाग उंच आणि कडा खोलगट ठेवत, कारण तिकडचा पाऊस थांबतच नाही. साचलेलं पाणी कडेच्या चरातून वाहून जायला हवं. पिकं म्हणजे ओट आणि जव, पुढे बटाटा. जुना जड नांगर ओढायला बरेच घोडे लागायचे. ते एका घराकडे कुठून असणार? नांगरणीला शेजारी लागायचाच.

चराईलाही हिशेब होता. कुणी किती गुरं, किती मेंढ्या, किती घोडे सोडायचे हे वाडीने ठरवलेलं असे. उन्हाळ्यात बायका-मुलं गुरं घेऊन वरच्या कुरणांवर जात, तिथल्या छोट्या झोपड्यांत राहून लोणी आणि चीज करत. तेवढ्या काळात खालची पिकं गुरांपासून सुरक्षित राहत. शरद ऋतूत व्यापारी काळी गुरं विकत घेऊन क्रीफ आणि फॉलकर्कच्या बाजारांकडे हाकत नेत. खंडाचा पैसा बऱ्याच अंशी त्यातून उभा राहायचा.

घराची रचना बघण्यासारखी आहे. एकाच लांब छपराखाली माणसं आणि गुरं. घर उताराच्या दिशेने बांधलेलं, वरच्या टोकाला माणसं, खालच्या टोकाला गोठा. गोठ्याच्या जमिनीत दगडी पन्हळ. गोमूत्र आणि घाण तिच्यातून उतारावरून बाहेर पडे आणि कधीही घराकडे वळत नसे. शेण शेतात जायचं. हिवाळ्यात गुरांच्या अंगाची ऊब घराला मिळे. जळण म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली पीट.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या जास्त फायद्याच्या वाटू लागल्या. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या सदरलंडमध्ये 1814 साली स्ट्रॅथनेव्हरमधल्या कुळांना हुसकावून लावलं, त्यांची घरं जाळली. आरगाइलमध्येही अनेक सामाईक वाड्या मोडून एकेका कुळाची शेतं केली गेली. 1846 मध्ये बटाट्यावरचा रोग आला, उपासमार झाली आणि परदेशी जाणारे वाढले. ऑखिनड्रायनची सामाईक शेती मात्र या सगळ्यातून टिकली. ज्या पद्धतीला शेती सुधारू पाहणारे मागासलेली म्हणत होते, तिच्यात गरिबाला वाटा मिळवून देणारी व्यवस्था होती, असं मला ठामपणे वाटतं. 1875 साली व्हिक्टोरिया राणी इनव्हरेरीला आली असताना तिने ही वाडी पाहिली आणि आपल्या रोजनिशीत तिची नोंद केली.

विसाव्या शतकात घरं एकेक करून रिकामी झाली. 1960 च्या दशकात शेवटचं कूळ गेलं. त्याच सुमारास मॅरियन कॅम्पबेल या स्थानिक इतिहास-अभ्यासक बाईंनी वाडी जपायचा ध्यास घेतला आणि संग्रहालय उभं राहिलं. तिथे काही घरांवर गवताचं छप्पर आहे, तर काहींवर नंतरच्या पिढ्यांनी चढवलेला पत्रा. पत्रे काढून सगळं जुन्यासारखं केलं असतं, तर वाडी दिसायला देखणी झाली असती. पण पत्रा टाकणाऱ्यांच्या पिढ्या त्यातून पुसल्या गेल्या असत्या.