करवत-मार्गदर्शक रूळ

हातात धरून चालवावयाची विजेची चक्राकार करवत सरळ रेषेतच पुढे जावी म्हणून तक्त्यावर ठेवण्यात येणारी धातूची कणायुक्त पट्टी. अशी करवत १९२४ च्या सुमारास अमेरिकेत प्रचारात आली. तिच्यासाठी रूळ मात्र १९६२ मध्ये पश्चिम जर्मनीतील फेस्टो या कंपनीने प्रथम पुढे आणला. त्यापूर्वी (आणि पुष्कळ ठिकाणी अद्यापही) तक्त्यावर सरळ पट्टी क्लँपने आवळून तिच्या कडेने करवत सरकवीत. यात बैठकीच्या कडेपासून पात्यापर्यंतचे अंतर मोजून पट्टी रेषेपासून तेवढी दूर बसवावी लागते आणि करवत पट्टी सोडून बाहेर भरकटण्यास काहीच अडथळा नसतो.

रूळ ॲल्युमिनियमाचा असून त्याच्या लांबीभर उंच कणा असतो. करवतीच्या बैठकीतील खाच त्यावर बसते. तिच्यातील सैलपणा बैठकीवरील जुळवणीच्या खुंट्यांनी काढतात. रुळाच्या काठाला रबरी किंवा प्लॅस्टिकची पट्टी चिकटविलेली असते. पहिल्या फेरीत पाते तिचा जादा भाग कापून टाकते व उरलेली कड हीच पुढे कापाची रेषा ठरते. रूळ ठेवावयाच्या तुकड्यावर मांडला म्हणजे पात्याची जाडी टाकाऊ भागातून जाते. पात्याचे पुढचे दाते खालून वर येत असल्याने वरच्या पृष्ठावर ढलप्या निघतात. ही पट्टी तेथील तंतू दाबून धरते. जाडीने वेगळे पाते बसविल्यास मात्र कड जुळत नाही.

पात्याची खोली ठरविताना रुळाची जाडी मिळवावी लागते. दाते तक्त्याखाली सुमारे ५ मिमी.च बाहेर यावेत. तक्त्याच्या दोन्ही भागांना खालून आधार हवा. तो नसल्यास तुकडे खाली झुकून काप मिटतो, पाते त्यात चिमटते आणि करवत उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर येते. रुळाने करवत वाकडी होणे टळते, काप मिटणे टळत नाही. रुळावरची करवत निर्धोक, ही समजूत त्यामुळे घातक आहे. पात्यामागील विभाजक पाचर असल्यास ती काढू नये व पात्याच्या रेषेत उभे राहू नये.

२,४४० मिमी. लांबीच्या प्लायवुडासाठी रूळ दोन्ही टोकांना बाहेर निघावा लागतो, कारण पाते लाकडात शिरण्यापूर्वीच बैठक कण्यावर पूर्ण बसलेली असावी लागते. दोन रूळ जोडून वापरताना सांध्यावर सरळपट्टी लावून पाहतात. तेथील किंचित बाकसुद्धा कापात उमटतो.