विषाणूनं सुरुवात केली, पण शेवट कुणी केला?

आयसीयूतल्या व्हायरल न्यूमोनियावर वाचायला घेतलं, की एक प्रश्न सतत समोर येतो: पेशंट दगावला तो विषाणूमुळे, की नंतर फुप्फुसात शिरलेल्या जिवाणूंमुळे? मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा पहिल्याचंच नाव असतं. संशोधन करणाऱ्यानं मात्र तिथं थांबायचं नसतं.

जुना प्रश्न आहे

१९१८ च्या इन्फ्लुएंझात मुंबईसोबत मध्य प्रांताला जबर फटका बसला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. २००८ मध्ये मोरेन्स, टॉबेनबर्गर आणि फाउची यांनी त्या साथीतले शवविच्छेदनाचे जुने अहवाल तपासले. निष्कर्ष असा, की बहुतेक मृत्यूंमध्ये घशात-नाकात नेहमी राहणाऱ्या जिवाणूंचा न्यूमोनिया होता. विषाणू श्वासनलिकेचं अस्तर खरवडतो, घाण बाहेर ढकलणारे बारीक तंतू निकामी होतात आणि जिवाणूंना वाट मोकळी होते.

आयसीयूत आणखी एक वाट तयार होते. व्हेंटिलेटरची नळी घशातून खाली जाते, गुंगीच्या औषधांमुळे खोकला येत नाही, वर स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबते. शिवाय इथले जिवाणू हॉस्पिटलात मुरलेले, औषधांना न जुमानणारे.

भारतातले आकडे

आयसीएमआरच्या जाळ्यातल्या १० रुग्णालयांनी २०२० मधल्या १७,५३४ कोविड रुग्णांची माहिती २०२१ मध्ये मांडली. दुसरा संसर्ग झालेले रुग्ण ३.६ टक्के, म्हणजे साधारण ६३०. एकूण रुग्णांत मृत्यू १०.६ टक्के, पण या गटात ५६.७ टक्के! सर्वाधिक सापडले क्लेब्सिएला आणि असिनेटोबॅक्टर.

मग जिवाणूंमुळे मृत्यू पाचपट वाढले, असं लिहून टाकायचं का? थांबा, इथंच गोची आहे.

एक, ज्याची तब्येत आधीच जास्त बिघडलेली, तोच नळीवर जातो आणि त्यालाच संसर्ग होतो. दोन, कल्चर सगळ्यांचं होत नाही, शंका आली तरच होतं, त्यामुळे ३.६ हा किमान आकडा समजा. करडीसारख्या गावातला पेशंट तुमसर, भंडारा करत नागपूरला पोहोचेपर्यंत बऱ्याचदा अँटिबायोटिकचे डोस झालेले असतात. मग कल्चरमध्ये काही उगवत नाही, याचा अर्थ जिवाणू नव्हतेच असा होत नाही. उलट नळीतल्या स्रावात जिवाणू दिसले म्हणजे संसर्ग झालाच, असंही नाही. ते नुसते वस्तीला असू शकतात.

तीन, वेळेचा घोळ. एक पेशंट तिसऱ्या दिवशी गेला. दुसऱ्याला नवव्या दिवशी संसर्ग झाला. दुसरा 'संसर्ग' गटात आला, कारण तो नऊ दिवस जगला! नुसते दोन गट करून तुलना केली, तर संसर्गाचा धोका कमी दिसू शकतो. म्हणून ते पहिले आठ दिवस 'संसर्ग नसलेले' म्हणूनच मोजायचे. याला काळानुसार बदलणारं चल म्हणतात.

मग चांगला अभ्यास कसा दिसतो?

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटानं २०२३ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या ५८५ रुग्णांचा अभ्यास छापला. फुप्फुसात खोलवरून नमुने घेतले, न्यूमोनिया होता की नाही हे डॉक्टरांच्या मंडळानं ठरवलं, आणि संगणकाच्या मदतीनं प्रत्येक रुग्णाचा प्रत्येक दिवस वेगळा मोजला. ज्यांचा व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया उपचारांनी बरा झाला नाही, त्यांच्यात मृत्यू जास्त होते. म्हणजे 'संसर्ग झाला का?' याइतकंच 'बरा झाला का?' हेही महत्त्वाचं.

हा काथ्याकूट कशासाठी? जिवाणूंचा वाटा जास्त धरला, तर प्रत्येकाला भारी अँटिबायोटिक दिलं जाईल आणि उद्या तेही चालणार नाही. कमी धरला, तर वाचू शकणारा माणूस हातचा जाईल.

प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा आधी तीन गोष्टी कागदावर मांडा: नमुना कुठून घेतला, कोणत्या दिवशी घेतला आणि त्याआधी कोणतं औषध गेलं होतं. ही उत्तरं नसतील, तर पुढचं सॉफ्टवेअर कितीही भारी असो, उपयोग नाही.