बार्बीचा हात

धाकटी नात परवा आईची जुनी बाहुली घेऊन समोर उभी राहिली. "आजोबा, हिचा एकच हात वर करून द्या ना!" मी गप्प झालो. त्या बाहुलीचे दोन्ही हात एकदमच वर होतात, हे तीस वर्षांपूर्वी कुरखेड्यात ठरलेलं आहे.

तेव्हा मी तिथल्या बँकेत अधिकारी होतो. वडशाला रेल्वेतून उतरायचं, पुढे एसटी. लेकीची बार्बी नागपूरहून आणलेली. साडेअकरा इंचांची ही बाई ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात अवतरली. १९६५ मध्ये तिचे गुडघे वाकू लागले. खांद्याचं गणित मात्र साधं. हाताच्या टोकाला बारीक मान, मानेला चकती. ती पोकळ धडात अडकते म्हणून हात फिरतो. आमच्या बार्बीची ती मानच तुटली आणि चकती पोटात खुळखुळू लागली.

मी झटपट चिकटणारा गोंद लावून मोकळा झालो. हात चिकटला खरा, पण वर्गात बोट वर करून राहिलेल्या मुलीसारखा, कायमचा! फ्रॉक घालताना पुन्हा निखळला. मऊ विनाइलवर हा गोंद कडक होतो आणि वाकलं की तडकतो. (हे शहाणपण नंतरचं.)

शेवटी लेकीनेच ती बाजारात सुपं-टोपल्या विकणाऱ्या म्हाताऱ्या बुरडाकडे नेली. "चिपकवून काय होते साहेब? खुटी मारा लागते," तो म्हणाला. शाबूत हात त्याने गरम पाण्यात मऊ करून अलगद काढला. थंड असताना ओढला असता, तर त्याचीही मान गेली असती. मग तापल्या सुईने भोकं पाडली, बांबूची काडी तासून धडातून आरपार घातली आणि तिच्या टोकांवर दोन्ही हात घट्ट बसवले. बैलगाडीचा आसच!

पैसे देऊ लागलो तर घेईना. त्याचा कर्जाचा अर्ज महिन्यापूर्वी मीच परत केला होता, जामीनदार नाही म्हणून. रक्कम क्षुल्लक होती. त्याने विषय काढला नाही, मीही नाही. अर्ज पुन्हा मागवता आला असता. बदली होईपर्यंत मी तो मागवला नाही.

आता काडी काढून इलॅस्टिक ओवलं, तर हात वेगवेगळे फिरतील. जुन्या बाहुल्या दुरुस्त करणाऱ्यांची ती नेहमीची रीत. नात गरम पाण्याची वाटीही घेऊन आली. मी बोट बुडवलं आणि म्हटलं, "गार आहे गं अजून."